वाघ्याला घेऊन बिअरगार्टनला जाशील तेव्हा

चिऊ, परवा फोनवर म्हणालीस, "ताई, सोमवार ते शुक्रवार कसे जातात कळत नाही, पण रविवार संपता संपत नाही." मला नवल वाटलं नाही. जर्मनीत नव्याने आलेल्या प्रत्येकीच्या वाट्याला हा रविवार येतो. दुकानं बंद, रस्ता सुनसान, व्हॅक्यूम क्लीनर लावला तर शेजारी कपाळाला आठ्या घालणार. सकाळी अकराला आईला फोन करावा, तर तिकडे अडीच वाजलेले आणि तिची वामकुक्षी सुरू. त्यात तू आता वाघ्याला घरी आणलंस. रुमानियाच्या रस्त्यावरून टियरहाइममध्ये, म्हणजे प्राण्यांच्या निवाऱ्यात, आलेला हा कुत्रा नावाचाच वाघ, दाराची बेल वाजली की सोफ्यामागे. आई म्हणाली, "स्वतःचं जेवण वेळेवर होत नाही, त्यात हे कशाला?" मी तेव्हा मुद्दामच काही बोलले नाही. आता बोलते. माझं हॅम्बर्ग तुझ्या म्युनिकपासून इतकं लांब नसतं, तर स्वतः येऊन तुम्हा दोघांना बिअरगार्टनला घेऊन गेले असते.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाक. शनिवार-रविवार आला की आपली मंडळी यादी काढतात. या आठवड्यात नॉयश्वानस्टाइन, पुढच्या आठवड्यात साल्झबुर्ग, मग राइनचा धबधबा. दिवसभराचं बायर्न-तिकीट, म्हणजे बव्हेरियाचं तिकीट काढायचं, डबे भरायचे, फोटो काढायचे, रात्री दमून घरी. पहिलं वर्ष त्यातच जातं, आणि वर्षअखेरीस फोनमध्ये किल्ले भरपूर असतात, ओळखीचं माणूस एकही नसतं. कुत्र्याला तर ही दगदग मुळीच मानवत नाही. नॉयश्वानस्टाइनच्या आत कुत्र्यांना प्रवेशही नाही, मग एकाने आत जायचं आणि दुसऱ्याने दाराशी वाघ्याला धरून उभं राहायचं. माझं ऐकशील तर फिरायला जाऊ नकोस, बसायला जा. एकच बिअरगार्टन, म्हणजे झाडांखाली बाकं मांडलेली बिअरची बाग, धर, दर रविवारी त्याच सुमाराला जा, जमलं तर त्याच कोपऱ्यात बस. आपल्याकडे पहिल्या भेटीत "या ना घरी चहाला" होतं, इथे होत नाही. इथे माणूस तुला आठव्या-दहाव्यांदा तिथेच बघतो, तेव्हा मान हलवतो. पण एकदा हलवली की ती मान कायमची.

तुला वाटेल, बिअर पीत नाही तर बिअरगार्टनला कशाला? अगं, तिथे पुष्कळ माणसं बिअर पीतच नसतात. आप्फेलशोर्ले घे, म्हणजे सफरचंदाचा रस आणि सोड्याचं पाणी. श्पेत्सी घे, कोला आणि संत्र्याच्या लेमोनेडचं ते मिश्रण बव्हेरियात लहानथोर सगळे पितात. बिनअल्कोहोलची गव्हाची बिअर मिळते, ती डोंगर चढून आलेले लोकसुद्धा आवडीने घेतात. थोडीशीच चव हवी असेल तर राडलर, निम्मी बिअर निम्मं लेमोनेड. "घे गं, एका घोटानं काय होतं" असा आग्रह इथे कोणी करत नाही, हे मला इथलं फार आवडतं. मात्र ग्लासाबरोबर फांड नावाची अनामत घेतात. ग्लास परत दिला की पैसे परत. बऱ्याच ठिकाणी त्याचं प्लॅस्टिकचं टोकन मिळतं. ते जीन्सच्या खिशात घेऊन घरी येऊ नकोस.

आता डब्याचं. तुला इतिहासाचा कंटाळा आहे हे माहीत आहे, तरी ऐक, कारण तुझ्या थालीपिठाचा हक्क त्यातून आलाय. बव्हेरियात १५३९ सालच्या नियमाने बिअर फक्त २९ सप्टेंबर ते २३ एप्रिलपर्यंतच बनवता येई. उन्हाळ्यात ती बिघडायची, आणि भट्ट्यांमुळे आगीची भीती असायची. मग उन्हाळ्यासाठीची बिअर थंड राहावी म्हणून म्युनिकच्या बिअरवाल्यांनी इझार नदीच्या काठाच्या उंचवट्यात तळघरं खणली. वर चेस्टनटची झाडं लावली, कारण पानं रुंद, सावली दाट आणि मुळं फार खोल जात नाहीत, त्यामुळे तळघराच्या छताला धोका नाही. खाली खडी पसरली. एवढी सावली झाल्यावर लोक तिथेच बसून प्यायला लागले नसते तरच नवल. शहरातले खाणावळवाले चिडले, आमचं गिऱ्हाईक पळवतात म्हणून. तेव्हा राजा माक्सिमिलियान पहिला याने ४ जानेवारी १८१२ रोजी मधला मार्ग काढला. बिअरवाल्यांनी तळघरावर बिअर विकावी, पण पावाखेरीज खायला काही देऊ नये. झालं, लोक घरून डबे आणायला लागले, आणि आजही आणतात. पुढे जेवणही विकायची परवानगी मिळाली, पण डब्याची रीत राहिली. १९९५ च्या मे महिन्यात तर एका बिअरगार्टनने रात्री लवकर बंद करावं असा निकाल लागल्यावर हजारो लोक म्युनिकच्या रस्त्यावर उतरले होते. त्यातून १९९९ साली बव्हेरिया सरकारने बिअरगार्टनसाठी वेगळा नियमच केला. त्यात घरचं खाणं आणता येणं हे बिअरगार्टनचं लक्षण म्हणूनच धरलंय.

तेव्हा बिनधास्त डबा काढ. फक्त दोन पथ्यं. पिण्याचं मात्र तिथलंच घ्यायचं, घरून ताकाची बाटली नेऊन फोडायची नाही. आणि ज्या टेबलांवर टेबलक्लॉथ असतो तिथे वेटर येतो, तो भाग हॉटेलचा. तिथे डबा चालत नाही. उघडी लाकडी टेबलं आणि बाकं, तो भाग आपला. जर्मन लोक इतकं साग्रसंगीत आणतात की बघत राहशील. चौकडीचं कापड, लाकडी पाट, मुळा कापायची सुरी, मीठदाणी. आपली थालीपिठं आणि लोणी त्या पंगतीत मुळीच परकी वाटत नाहीत. धपाटे सगळ्यात उत्तम, दुपारपर्यंत मऊ राहतात. रश्शाच्या भानगडीत पडू नकोस. तिथलं घ्यायचं असेल तर ब्रेझन, म्हणजे पीळ घातलेला खारा पाव, आणि ओबात्सडा घे. ओबात्सडा म्हणजे पिकलेलं कामेम्बेर चीज, लोणी आणि पाप्रिका कालवून केलेलं, वर कांदा. शाकाहारी माणसाचं त्यात पोट भरतं. तुझ्या नवऱ्याला मासे लागतातच, त्याला काठीला खोचून निखाऱ्यावर भाजलेला श्टेकर्लफिश घेऊन दे, तासभर तरी तो फोनकडे बघणार नाही.

हे झालं माणसांचं. वाघ्याचं मला जास्त सविस्तर सांगायचंय.

इथे कुत्र्याला घरी ठेवून बाहेर जेवायला जाणं हेच लोकांना विचित्र वाटतं. हॉटेलात कुत्रा आणू द्यायचा की नाही हे मालक ठरवतो, आणि बरेचसे हो म्हणतात. बेकरी, खाटकाचं दुकान, सुपरमार्केट इथे मात्र बाहेर थांबायचं, दारावर तशी पाटी असते. बिअरगार्टनमध्ये तर पुष्कळदा तुझी श्पेत्सी यायच्या आधी वाघ्याचं पाण्याचं भांडं येतं. पण ही मोकळीक कशावर उभी आहे ते लक्षात घे. कुत्रा टेबलाखाली आडवा पडून राहतो, यावर. तो भुंकत नाही, शेजारच्याच्या ताटाकडे टक लावत नाही, पळत्या पोरांच्या मागे लागत नाही. तुला वाटेल, या लोकांची कुत्री जन्मतःच शहाणी. छे! पुष्कळशी हुंडेशूलेत, म्हणजे कुत्र्यांच्या शाळेत जाऊन आलेली असतात. तूही घाल. पैसे जातील, पण तुझ्या जर्मनच्या क्लासपेक्षा तिथे तुझं जर्मन जास्त सुधारेल.

घरी आधी सतरंजीची सवय लाव. एक जुनी सतरंजी घे, ती पसरली की वाघ्याने तिच्यावर बसायचं, बसला की खाऊ. मग तीच सतरंजी बाहेर न्यायची. रस्त्यावर वाढलेल्या कुत्र्याला अनोळखी जागेत आपली म्हणून काहीतरी लागतं, सतरंजीला घरचा वास असतो. पहिल्यांदा जाशील ते गर्दीच्या वेळी जाऊ नकोस. बिअरगार्टन उघडता उघडता जा, कडेचं टेबल घे, जिथून वाढपी दोन्ही हातांत लिटरभराचे मग घेऊन जात नाहीत असं. तो अस्वस्थ व्हायच्या आधीच ऊठ. अर्धा तास शांत बसला तर मोठी गोष्ट आहे. तेवढ्यावरच घरी जा. आपण म्हणतो, बसलाय ना छान, अजून थोडं बसू. तिथेच बिघडतं. आणि पट्टा बाकाला किंवा खुर्चीला कधी बांधायचा नाही. कुत्रं दचकून पळालं की खुर्ची मागून खडखडत येते, तिच्या आवाजाने ते आणखी घाबरतं. पट्टा मांडीखाली नाहीतर पायाखाली धर.

म्हणूनच सांगते, इंग्लिशर गार्टन या मोठ्या बागेतल्या चिनी मनोऱ्याच्या बिअरगार्टनपासून सुरुवात करू नकोस. तुझे ऑफिसवाले तिथेच बोलावतील, सगळे तिथेच जातात. हजारो माणसं, आणि मनोऱ्याच्या मजल्यावर बसून ब्रासबँड वाजवणारे. वाघ्या पुन्हा कधी कुठे यायचाच नाही. हिर्शगार्टनचं बिअरगार्टन त्याहून मोठं, आठ हजारांच्या आसपास बसायच्या जागा, पण पसरलेलं असल्याने कडेला शांत कोपरे सापडतात. शेजारी हरणांचं कुंपण आहे, त्याच्यापासून लांबचं टेबल बघ, नाहीतर वाघ्याचं लक्ष तिकडेच. तुझ्या घराजवळचं, पाहुण्यांच्या यादीत नसलेलं एखादं लहानसं बिअरगार्टन सापडलं, तर या दोन्हींपेक्षा ते बरं.

इथलं सगळं विचारण्यावर चालतं, चिऊ. लांब टेबलावर जागा रिकामी दिसली तरी थेट बसायचं नाही. "इस्ट हियर नोख फ्राय?" जागा आहे का, एवढं विचारायचं. ते "या" म्हणतील, बाजूला सरकतील, आणि परत आपल्या गप्पांत जातील. तो तुसडेपणा नाही. एकाच टेबलावर बसून एकमेकांना मोकळं सोडणं ही इथली सभ्यता आहे. मात्र श्टामटिश अशी पाटी असलेल्या टेबलाकडे वळू नकोस. ते नेहमीच्या मंडळींचं ठरलेलं टेबल, तिथे वर्षानुवर्षं तीच माणसं बसतात. कुत्र्यांचंही तसंच. दुसऱ्याच्या कुत्र्याला हात लावायच्या आधी विचार. आपल्याला सवय असते दिसलं की "अलेले" करत गालगुच्चा घ्यायची. आणि तुझ्याकडे कोणी विचारत आलं आणि वाघ्याला नको असेल, तर नाही म्हण. नाही म्हटल्याचं इथे कोणाला वाईट वाटत नाही. हे शिकायला आपल्याला फार वेळ लागतो. दोन कुत्री समोरासमोर आली की मालक विचारतील, "र्‍यूडे ओडर ह्युंडिन?" नर की मादी. नर-नर असेल तर पुष्कळ जण निमूट रस्ता बदलतात. कुत्र्याच्या पट्ट्याला पिवळी रिबीन दिसली तर तू वळ, त्याला अंतर हवंय अशी ती खूण आहे. आणि "डेअर टूट निक्स", हा काही करत नाही, असं लांबून ओरडत ज्याचा मोकाट कुत्रा तुमच्याकडे धावत येतो, त्याच्यावर मात्र विश्वास ठेवू नकोस. वाघ्याला पाठीशी घे आणि ठणकावून सांग, "आन लाइनेन, बिट्टे!" तुझा आवाज चढला तरी चालेल, तिथे चढलाच पाहिजे.

लोक तुलाही सांगतील हो. पट्टा लांब आहे, इथे खेळाचं मैदान आहे, पिशवी आणलीस का. अनोळखी आजोबासुद्धा थांबून सांगतात. पहिल्यांदा रडू येतं, वाटतं आपण परके म्हणून बोलले. कधी तसंही असतं, खोटं कशाला सांगू. पण बहुतेक वेळा ते शेजारच्या जर्मन बाईलाही तितक्याच करड्या सुरात सांगतात. "डांके" म्हणायचं आणि पुढे व्हायचं. विष्ठा उचलायच्या पिशव्या बागांच्या तोंडाशी फुकट मिळतात, तरी दोन खिशात असू देत.

उन्हाळ्यात गांधीलमाश्यांना जप. ऑगस्टमध्ये त्या प्रत्येक ग्लासावर घोंगावतात. ग्लासाखालची पुठ्ठ्याची चकती उचलून वर झाकण म्हणून ठेवायची. त्यांना चिरडायला जाऊ नकोस, विनाकारण मारल्यास दंड होऊ शकतो. वाघ्या तोंडाने पकडायला गेला आणि घशात चावली तर सूज येऊन श्वास कोंडतो, तेव्हा वाट न बघता थेट प्राण्यांचा डॉक्टर. टेबलाखाली कोंबडीची हाडं पडलेली असतात. शिजलेलं हाड फुटून आतड्यात रुततं, म्हणून बसण्याआधी खाली वाकून बघायची सवय कर. बटाट्याच्या सॅलडमध्ये कांदा असतो, तो कुत्र्याला विषारी. द्राक्षं आणि चॉकलेटही. सप्टेंबरात वरून चेस्टनट टपाटप पडतात, आपल्या डोक्यावर पडले तर हसण्यावारी नेता येतं, पण वाघ्याने गिळले तर विषबाधा होते, आतडंही अडतं. तळ्याकाठी निळ्या-हिरव्या शेवाळाची पाटी असेल तर पाण्यात सोडायचं नाही. आणि गोचिडी! बव्हेरियातला जवळजवळ सगळा भाग गोचिडीतून होणाऱ्या मेंदूज्वराच्या धोक्याचा आहे. वाघ्याला औषध लावशीलच, पण तुम्ही दोघंही त्या ज्वराची, म्हणजे एफएसएमईची, लस घ्या. तू नेहमी स्वतःचं शेवटी ठेवतेस.

वाघ्या जरा धीट झाला की एस-८ ही लोकल पकडून शेवटच्या स्टेशनला, हेरशिंगला जा. म्युनिकच्या एस-बानमध्ये एका माणसाबरोबर एका कुत्र्याला तिकीट लागत नाही. लांबच्या गाडीत मोठ्या कुत्र्याचं तिकीट काढावं लागतं आणि तोंडाला माउलकोर्ब, म्हणजे जाळी, घालावी लागते. तीही घरीच सवय करून घे, आयत्या वेळी तो घालू देणार नाही. हेरशिंगहून कीन्टाल नावाच्या दरीतून ओढ्याच्या काठाने चालत वर गेलं की आंडेक्सचा बेनेडिक्टाइन मठ. साधूंची स्वतःची बिअर आहे, अंगणात बसून दूरवर दिसतं. तासाभराची वाट आहे, सावलीची, पण चढाची. आळंदीला पायी जाणारी तू, तुला काहीच नाही. दुपारनंतर गर्दी होते, लवकर जाऊन लवकर उतर. डोंगरात आणखी वर, गाईंच्या कुरणातून जायची वेळ आली तर एक लक्षात ठेव. वासरं जवळ असलेली गाय कुत्र्याला लांडगाच समजते. लांबून वळसा घाल, आणि गाय अंगावर आलीच तर पट्टा सोडून दे. वाघ्या तिच्यापेक्षा वेगाने पळेल, तू पळू शकणार नाहीस.

कागदपत्रांचं थोडक्यात. हुंडेश्टॉयर, कुत्र्यावरचा कर, महापालिकेला भरायचाच. प्रत्येक शहराचा दर वेगळा, बर्लिनला पहिल्या कुत्र्याला वर्षाला १२० युरो. टियरहाइममधून आणलेल्या कुत्र्याला काही शहरं सूट देतात, तेव्हा विचारून घे. आणि जबाबदारीचा विमा आजच्या आज काढ. आमच्या हॅम्बर्गला तो सक्तीचा आहे, तुझ्याकडे सरसकट नाही. पण वाघ्याने दचकून एखाद्या सायकलवाल्याला पाडलं, तर तुझी चूक असो-नसो, पाळणारा म्हणून कायद्याने भरपाई तुझ्याच गळ्यात.

हे सगळं जमलं की एक गंमत होईल, तिचं वाईट वाटून घेऊ नकोस. लोक आधी वाघ्याशी बोलतील. त्याचं नाव विचारतील, वय विचारतील, रुमानियाची सगळी कथा ऐकून घेतील, आणि तुझं नाव विचारायला त्यांना दोन महिने लागतील. तोवर तू "वागयाची बाई". होऊ दे. माझ्या ज्या मैत्रिणी इथे टिकल्या, त्या ऑफिसातल्या पार्टीत मिळालेल्या नाहीत, रोज सकाळी त्याच वेळी त्याच हिरवळीवर येणाऱ्या आहेत. मात्र वाघ्याच्या पाठीमागे लपूही नकोस. कोणी विचारलं तर तुझंही सांग, मोडक्या जर्मनमध्ये सांग. व्याकरणाची चूक कुत्रा पकडत नाही आणि त्याचे मालकही फारसे पकडत नाहीत.

राहिली आई. जूनमध्ये येतेय म्हणालीस. जेवायच्या टेबलाखाली कुत्रं बघून ती "शिव शिव" करणार. तिला म्हणावं, तू रोज ज्याला नमस्कार करतेस त्या दत्ताच्या पायाशी चार-चार कुत्री आहेत, आणि नाव तर आम्ही खंडोबाच्या वाघ्याचंच ठेवलंय. ऐकेल. नाही ऐकलं तर थालीपिठाचा तुकडा तिच्याच हातून वाघ्याला देऊ दे, पण बिनकांद्याचा. आणि बिअरगार्टनच्या बाकांना पाठ नसते, तिची कंबर धरेल. तिच्यासाठी टेबलक्लॉथवाल्या भागात खुर्ची बघ, आप्फेलशोर्ले मागव, आणि काही झालं तरी तिला तिथे पिशवीतून डबा काढू देऊ नकोस.